टोपली कुजली, पातं उरलं

४ सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटहून बोरीकडे येणाऱ्या वाटेवर एका ओढ्याला पूर आला होता. त्या पुरात घोड्यावरचे स्टीफन हिस्लॉप वाहून गेले. १८४५ पासून नागपुरात राहिलेले हे स्कॉटिश मिशनरी भूगर्भशास्त्राचे जाणकार होते, गोंडांची गाणी आणि कथा टिपून ठेवणारे होते. आजचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्या दिवशी ते टाकळघाटची शिलावर्तुळं पाहायला गेले होते. मोठाले धोंडे गोल मांडून, मध्ये मृतांचे अवशेष आणि त्यांच्या वस्तू ठेवून केलेली ही स्मारकं नागपूरभोवती शेकड्यांनी विखुरली आहेत.

हिस्लॉप गेले, पण शोध थांबला नाही. १८६७ मध्ये जॉर्ज पिअर्स या लष्करी अधिकाऱ्याने कामठीजवळचं एक वर्तुळ खणलं. रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणीची वर्तुळं उकरून १८७९ मध्ये त्यांचा वृत्तान्त छापला. या खोदकामांतून लोखंडी हत्यारं, तांब्याचे दागिने आणि काळी-तांबडी मडकी निघाली, आणि निघालं त्याचीच नोंद झाली. माणसाच्या भूतकाळाची विभागणीही तेव्हा अशाच वस्तूंवरून होत होती. कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या थॉमसन यांनी १८३६ मध्ये अश्मयुग, कांस्ययुग आणि लोहयुग अशी वाटणी छापून जगापुढे ठेवली होती. तिन्ही नावं मातीत टिकणाऱ्या पदार्थांची आहेत. वेलीचं, गवताचं, सालीचं किंवा बांबूचं युग त्या यादीत नव्हतं. अशा वस्तू कुणी केल्या नसतील असं नव्हे. त्या खणणाऱ्याच्या हाती लागल्या नाहीत, एवढंच.

या एका उणिवेने पुढची शंभर वर्षं प्राचीन माणसाचं चित्र घडवलं. शिकारीच्या भाल्याचं दगडी टोक संग्रहालयात आलं. मोहफुलं, चारोळ्या, कंद आणि मासे ज्यात घरी यायचे ती टोपली आली नाही. आदिमानव म्हणजे शिकारी, ही समजूत पाठ्यपुस्तकांत पक्की झाली. टोपली या चित्रात परत कशी आली, त्याचा हा इतिहास आहे. त्यात लेनिनग्राडची प्रयोगशाळा आहे, फिलिपाइन्सची गुहा आहे, आणि पारशिवनी तालुक्यातलं पेंच नदीकाठचं एक गावही आहे.

नायकुंडची भट्टी

पेंच छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते, सातपुड्यातून खाली उतरते आणि कामठीच्या बाजूला कन्हानला मिळते. वाटेत पारशिवनी तालुक्यात तिच्या काठावर नायकुंड आहे, गावकऱ्यांचं नयाकुंड. इथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांनी उत्खनन केलं. देवांनी त्याआधी नागपूर विद्यापीठातर्फे टाकळघाट-खापा आणि माहूरझरी इथली वर्तुळं खणली होती. नायकुंडला मात्र वर्तुळांबरोबर वस्तीही मिळाली आणि वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. गोलाकार, भाजलेल्या मातीच्या वक्र विटांनी बांधलेली, हवा फुंकण्यासाठी मातीच्या नळ्या असलेली, भोवती लोहमळीचे गोळे पडलेले. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी मळीचा आणि खनिजाचा अभ्यास करून इथे लोखंड कसं गाळलं जाई याचा उलगडा केला. काजळे यांनी जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे तपासले. उत्खननाचा अहवाल १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारताच्या लोहयुगाच्या चर्चेत नायकुंडचं नाव कायमचं नोंदलं गेलं.

आता त्या भट्टीच्या कामाचा क्रम डोळ्यांपुढे आणू. खनिज वेचायचं, फोडायचं आणि भट्टीपर्यंत आणायचं. झाडं तोडून कोळसा पाडायचा आणि तोही आणायचा. भट्टीत दोन्ही थराथराने टाकायचे. या कामात वजनाचा माल पुन्हा पुन्हा उचलावा लागतो. मडक्यातून दगड वाहायचे तर मडकं टिकत नाही. कातड्याची पिशवी चालेल, पण जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला सगळ्यात सोपी पडते ती विणलेली पाटी. अशी पाटी नायकुंडच्या मातीत उरली नाही, म्हणून हे अनुमानच आहे. पण टोपली न मानता या भट्टीचा दिवस मांडू गेलं तर तो मांडता येत नाही. लोखंडाच्या फार आधीच्या, शेती आणि धातू ठाऊक नसलेल्या माणसांनाही हेच लागू पडतं. त्यांचं पोट तर वेचण्यावरच चालत होतं.

माती काय ठेवते

आपल्याकडे टोपली न उरण्याचं कारण साधं आहे. वर्षातले चार महिने ओल, उरलेले आठ महिने वाळवी. बांबू, वेल, शिंदीचं पान, अंबाडीचा वाख हे सगळं काही वर्षांत मातीचं होऊन जातं. जिथे पाऊस नाही किंवा गुहा कोरडी आहे तिथे गोष्ट वेगळी. ज्यूडियाच्या वाळवंटात मुराबात गुहेत सुमारे १०,५०० वर्षांपूर्वीची, झाकणासकट अखंड टोपली मिळाल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. तिच्यात जवळजवळ शंभर लिटर माल मावेल. स्पेनच्या दक्षिणेला वटवाघळांच्या गुहेतल्या टोपल्यांपैकी काही ९,५०० वर्षांपूर्वीच्या, शेती येण्याआधीच्या शिकारी-संग्राहकांच्या असल्याचं २०२३ मध्ये सिद्ध झालं. त्यांची वीण इतकी नेटकी आहे की ती पहिल्या प्रयत्नातली असणं अशक्य. म्हणजे ही विद्या त्याहून पुष्कळ जुनी.

टोपली गेली तरी तिचा ठसा किंवा तिच्यावरचा लेप कधीकधी उरतो. बलुचिस्तानातल्या मेहरगढला टोपल्यांना आतून डांबर फासत. टोपली कुजली, डांबराचा साचा राहिला. चेक देशातल्या पावलोव्ह आणि डॉल्नी व्हेस्टोनित्से इथे सुमारे २७,००० वर्षांपूर्वीच्या भाजलेल्या मातीच्या तुकड्यांवर विणीचे ठसे ऑल्गा सॉफर आणि जेम्स अडोव्हॅसिओ यांनी ओळखले. ते तुकडे आधीच खणून निघालेले होते. विणकाम पाहण्याच्या नजरेने ते कुणी पाहिले नव्हते.

महाराष्ट्रातही असे आडवळणाचे पुरावे आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे एस. ए. साळी यांना सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. मण्याला भोक आहे म्हणजे त्यातून जाणारा दोरा होता, आणि दोरा होता म्हणजे वनस्पतीचा तंतू किंवा प्राण्याची तात सोलणारा, पिळणारा हात होता. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला १९६८ पासून झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरांजवळ मातीचे गोल ओटे मिळाले. म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ओळखले ते आजच्या शेतकऱ्याच्या घरात पाहून. धान्याची विणलेली कणगी जमिनीच्या ओलीपासून वर राहावी म्हणून असाच ओटा आजही करतात. कणगी तीन हजार वर्षांत नाहीशी झाली, पण तिची बैठक राहिली.

पात्यावरची झिलई

ठसे आणि ओटे नशिबाने मिळतात. दगडी हत्यारं मात्र सर्वत्र मिळतात. टोपलीसाठी काड्या कापताना, तासताना त्या हत्याराच्या धारेवर काही खूण उमटत असेल तर? या प्रश्नातून प्रायोगिक पुरातत्त्वाची एक शाखा उभी राहिली. जुन्या पद्धतीने हत्यार घडवायचं, त्याने एक ठरावीक काम करायचं, उमटलेल्या खुणा पाहायच्या आणि त्या प्राचीन हत्यारावरच्या खुणांशी ताडायच्या.

सुरुवात विळ्यांपासून झाली. पश्चिम आशियातल्या काही गारगोटीच्या पात्यांवर काचेसारखी चमक दिसे. १८९२ मध्ये इंग्लंडमधल्या स्परेल यांनी आणि १९३० मध्ये कर्वेन यांनी स्वतः गारगोटीने ताटं आणि लाकूड कापून पाहिलं आणि ही झिलई गवतवर्गीय पिकांच्या कापणीची असल्याचं दाखवलं. पण या तुरळक प्रयोगांची पद्धत झाली ती लेनिनग्राडमध्ये. सर्गेई सेम्योनोव्ह यांनी हत्यारं सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. धारेवरचे ओरखडे कोणत्या दिशेने जातात, कपचे कुठे उडालेत, चमक कुठवर पसरली आहे, यावरून हाताची हालचाल वाचता येते, हे त्यांनी १९५७ च्या पुस्तकात मांडलं. १९६४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आलं आणि पश्चिमेच्या विद्यापीठांत ही पद्धत पोहोचली.

त्याच दशकात दुसऱ्या बाजूने धक्का बसला. १९६६ मध्ये शिकागोला 'मॅन द हंटर' नावाची परिषद भरली. नाव शिकाऱ्याचं होतं. पण परिषदेचे एक आयोजक रिचर्ड ली यांनीच कलहारी वाळवंटातल्या लोकांत राहून दाखवून दिलं होतं की तिथल्या अन्नाचा मोठा भाग वेचलेल्या वनस्पतींचा असतो आणि तो मुख्यतः बायका आणतात. सॅली स्लोकम यांनी १९७१ च्या निबंधात पुढचा प्रश्न केला: माणसाची पहिली महत्त्वाची वस्तू म्हणून भाल्याचंच नाव का घ्यायचं? वेचलेलं भरून आणायचं आणि मूल अडकवायचं साधन का नाही? तोवर टोपली ही उत्खननाच्या यादीतली गळालेली बाब होती. आता ती माणसाच्या इतिहासातला कळीचा प्रश्न झाली.

प्रश्न मोठा झाला तशी पद्धतीची परीक्षाही कडक झाली. लॉरेन्स कीली यांनी १९७० च्या दशकात एक आंधळी चाचणी दिली. सहकारी न्यूकमर यांनी दगडी हत्यारं घडवून त्यांनी निरनिराळी कामं केली, पण कोणतं काम कशाने केलं हे सांगितलं नाही. कीली यांनी फक्त खुणा पाहून उत्तरं दिली. हत्याराची कोणती बाजू वापरली हे त्यांनी बहुतेक वेळा अचूक सांगितलं. कोणत्या पदार्थावर वापरली हे सांगताना मात्र काही उत्तरं चुकली. त्यांचं पुस्तक १९८० मध्ये आलं, म्हणजे नायकुंडच्या उत्खननाचा शेवटचा हंगाम चालू होता त्याच सुमारास. हाड, कातडं, लाकूड आणि मांस यांच्या खुणा वेगळ्या काढता येतात, असा विश्वास त्या पुस्तकाने दिला. बांबूचा प्रश्न मात्र अजून बाकी होता.

बांबूचा पेच

बांबूचा प्रश्न आशियातून आला. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ हॅलम मोव्हिअस यांनी १९४० च्या दशकात नकाशावर एक रेषा ओढली. तिच्या पश्चिमेला, भारत धरून, सुबक हातकुऱ्हाडी, पूर्वेला मुख्यतः ओबडधोबड कपच्या. यातून पूर्व आशियातला माणूस मागासलेला, असा अर्थ अनेकांनी काढला. १९८९ मध्ये जेफ्री पोप यांनी वेगळं उत्तर दिलं. ज्या भागात हातकुऱ्हाडी नाहीत तिथे बांबूची बनं आहेत. सुरी, भाला, भांडं आणि दोरी बांबूचीच होत असेल, तर दगडावर मेहनत घ्यायचं कारणच काय?

कल्पना आकर्षक होती, पण पुरावा कुजून गेलेला. तेव्हा प्रयोग करून पाहण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ओफर बार-योसेफ, मेटिन एरेन आणि चिनी सहकाऱ्यांनी दक्षिण चीनमध्ये साध्या दगडी कपच्यांनी बांबू तोडून हत्यारं बनवली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. बांबूची सुरी झटपट होते आणि मांस कापते, पण कातडं फाडताना हात टेकते. म्हणजे बांबू दगडाची जागा थोडीबहुत घेऊ शकतो, सगळी नाही. पोप यांची कल्पना पुरती खरी ठरली नाही आणि पुरती खोटीही नाही.

या वादात हत्यारं हाच सगळ्यांचा विषय होता. फ्रेंच संशोधक हर्मिन शॉफ्लेर यांनी विणकामाकडे पाहिलं. फिलिपाइन्सच्या पलावान बेटावर ताबोन गुहा आहे. १९६२ पासून रॉबर्ट फॉक्स यांनी ती खणली होती. शॉफ्लेर आणि त्यांचे सहकारी आधी गुहेत गेले नाहीत. ते बेटावरच्या पलावान समाजाच्या लोकांकडे गेले आणि कोणती झाडं कशासाठी, कशी कापतात हे शिकले. बांबू आणि ताड यांसारख्या वनस्पतींचे ताठ तुकडे पात्याने पातळ करत नेऊन तिथे लवचीक पट्ट्या बनवतात. त्या पट्ट्यांनी बांधायचं किंवा त्यांच्या टोपल्या आणि सापळे विणायचे. हेच काम संशोधकांनी दगडी कपच्यांनी करून पाहिलं आणि धारेवर खुणा कुठे, कशा मांडल्या जातात याची नोंद ठेवली. मग ताबोनची जुनी हत्यारं सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. त्यांतल्या तीन हत्यारांवर खुणांची तीच मांडणी होती. त्यांचं वय ३९,००० ते ३३,००० वर्षं. २०२३ च्या जूनमध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्या प्रदेशातल्या तंतुकामाचा इतिहास हजारो वर्षांनी मागे गेला. एकही टोपली न सापडता.

निष्कर्ष किती जपून मांडला आहे हेही लक्षात घ्यायला हवं. खुणा सांगतात ते इतकंच, की ताठ वनस्पती पातळ करून पट्ट्या काढल्या. त्या पट्ट्यांची टोपली झाली, सापळा झाला की नुसता बंध, हे दगडाला ठाऊक नाही.

हत्यार कोणत्या कामात झिजतं

अशा प्रयोगांतून एक गोष्ट उघड झाली आहे. सगळ्या टोपल्यांना सारखी हत्यारं लागत नाहीत. वीण मुळात तीन प्रकारची. पहिलीत गवताची जुडी वेटोळ्यासारखी फिरवत टाके घालून बांधत जायचं. दुसरीत उभ्या काड्यांभोवती आडव्या दोन पट्ट्या पीळ देत गुंफायच्या. तिसरीत पट्ट्या एकीवर एक, एकीखाली एक घालत चटईसारखी वीण करायची. पहिल्या प्रकारात प्रत्येक टाक्याला भोक पाडावं लागतं. तिथे टोच्या हवाच, आणि तो हाडाचा असेल तर सतत घासून त्याचं टोक गुळगुळीत होतं. सॉफर यांनी २००४ मध्ये युरोपातल्या हाडाच्या हत्यारांवरच्या अशाच खुणांवरून विणकाम शोधलं. आंध्रातल्या कर्नूलच्या गुहांत हाडाची हत्यारं मोठ्या संख्येने मिळाली आहेत. तिथे हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

बांबूची टोपली बहुतेकदा तिसऱ्या प्रकारात मोडते. तिथे विणायला बोटं पुरतात. सगळं कौशल्य आहे पट्टी काढण्यात. बुरुडाच्या अंगणात हे काम आजही पाहता येतं. ना फार कोवळा ना फार जून असा हिरवा बांबू घेऊन पेरांवरच्या गाठी आधी तासतात. टोकाला कोयत्याने खाच देऊन तो उभा चिरतात. चीर एकदा धावू लागली की बांबू आपल्या धाग्यानेच फाटत जातो, पात्याला फारसं करावं लागत नाही. दोनाचे चार, चाराचे आठ. मग आतला मऊ गाभा काढून टाकतात आणि सालीकडची पट्टी तासून तासून सारखी करतात. हे तासणं वेळखाऊ असतं, आणि पातं खरं झिजतं ते इथेच. बांबू हे गवतच आहे. त्याच्या सालीत सिलिका भरपूर असते. तीच धारेला घासते आणि चमकवते. ताबोनची हत्यारं चिरण्याने नव्हे, पातळ करण्याने ओळखली गेली, ती याचमुळे. सूप आणि दुरडी विणणाऱ्या गावात टोच्या सापडला नाही म्हणून टोपली नव्हती असं म्हणता येणार नाही. पुरावा शोधायचा तर कपचीच्या धारेवर शोधायला हवा.

मध्य भारतात अशा कपच्यांची वाण नाही. दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत अकीक, चर्ट आणि कॅल्सेडनी तयार होतात, नद्या ते गोटे वाहून आणतात, आणि मध्याश्मयुगातल्या माणसाने त्यांतूनच नखाएवढी धारदार सूक्ष्मास्त्रं काढली. होशंगाबादजवळच्या आदमगढला १९६१ मध्ये रा. वि. जोशी आणि खरे यांना ती हजारोंनी मिळाली. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये शोधलेल्या भीमबेटकाच्या आणि सातपुड्यातल्या पचमढीच्या शैलाश्रयांत त्या काळातल्या जगण्याची चित्रं आहेत. शिकारीबरोबर त्यांत मध काढणारी, फळं वेचणारी, ओझं घेऊन चाललेली माणसं दिसतात. म्हणजे चित्रकाराने ओझं नोंदवलं होतं, पुरातत्त्वाने ते उशिरा वाचलं. डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र आणि मालती नगर यांनी १९८० च्या दशकात हा धागा वर्तमानाकडून पकडला. मध्य भारतातल्या आदिवासींचं रानातलं अन्न आणि गंगेच्या खोऱ्यातल्या कंजरांचं शिकार, संग्रह आणि विणकामावर चालणारं जगणं त्यांनी नोंदवलं, ते प्राचीन वसाहती समजून घेण्यासाठीच.

लोखंड आल्यावर

या सगळ्यानंतर पुन्हा नायकुंडकडे पाहिलं की भट्टीचा अर्थ थोडा बदलतो. विदर्भाच्या शिलावर्तुळांतल्या लोखंडी वस्तूंत खंजीर आणि घोड्याचे लगाम आहेत, तशाच चपट्या कुऱ्हाडी आहेत. त्यांच्या पात्याला दांड्याशी धरून ठेवण्यासाठी लोखंडी पट्ट्यांची फुली घातलेली आहे. छिन्न्या आणि वाकसही आहेत. माहूरझरीच्या एका छिन्नीची तपासणी देशपांडे, मोहंती आणि शिंदे यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. ती पोलादी निघाली. एवढ्या निगुतीने बनवलेली छिन्नी लढाईसाठी नसते. ती लाकूडकामाची, म्हणजे रोजच्या कष्टाची.

दगडी कपचीने बांबू तोडता येतो आणि त्याच्या पट्ट्याही काढता येतात, हे प्रयोगांनी दाखवलंच आहे. म्हणून लोखंडाने टोपली दिली, असं म्हणणं चुकीचं ठरेल. टोपली लोखंडाच्या हजारो वर्षं आधीची. लोखंडाने दिला तो वेग आणि आकार. जून, जाड बांबू बुंध्याशी तोडणं सोपं झालं. लांब पट्ट्या सारख्या जाडीच्या निघू लागल्या. धार बोथट झाली तर कपचीसारखी टाकून न देता घासून पुन्हा लावता येऊ लागली. शेतीवर स्थिरावलेल्या गावाला धान्यासाठी कणग्या आणि ढोल्या, घरासाठी कूड आणि तट्टे मोठ्या प्रमाणावर लागतात. वेग मिळाला आणि मागणी वाढली की घरोघरचं काम एका समूहाचा धंदा होतं. तसं ते आपल्याकडे झालं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींचे खंड छापले, तोवर बांबूकाम बसोर आणि बुरूड या जातींचं ठरलेलं काम होतं आणि गावाच्या उतरंडीत त्यांची जागा खालची होती. ज्यांच्या सुपाशिवाय धान्य पाखडलं जात नव्हतं, त्यांनाच गावाने अंतरावर ठेवलं.

इंग्रजी अमदानीने आणखी एक अंतर पाडलं. १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव होत गेली. १९२७ च्या वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबूही होता. टोपलीसाठी बांबू तोडणं परवान्याचा विषय झालं. पुढे स्वातंत्र्यानंतर कागद कारखान्यांनाही बांबू हवा झाला. बुरुडांना सवलतीच्या दरात बांबू देण्याच्या योजना आल्या, तरी बनावरचा हक्क सरकारचाच राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने हे बदलायला सुरुवात झाली. २७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. नव्वद वर्षं कायद्याने झाड मानलेलं हे गवत निदान शेतात तरी पुन्हा गवत झालं.

हिशोब

या दीड शतकाच्या वाटचालीचा हिशोब मांडला तर तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, शिकारी-संग्राहकांबद्दलचं आपलं मत बदललं. ज्या काळाला आपण नुसतं दगडाचं म्हणतो, त्या काळात दगड हे बऱ्याचदा दुसरी वस्तू बनवण्याचं साधन होतं. कोणतं झाड, कोणत्या वयाचं, कोणत्या ऋतूत, ओलं की वाळलेलं, हे ज्ञान ज्याला होतं त्याच्या हातात ती कपची होती. दुसरी, त्या ज्ञानात बायकांचा वाटा किती हा प्रश्न आता टाळता येत नाही. दगडी धार पाहून ती धरणारा हात बाईचा की पुरुषाचा हे सांगता येत नाही, पण तो पुरुषाचाच होता असं गृहीत धरण्याचा हक्क पुरातत्त्वाने गमावला आहे.

तिसरी गोष्ट आपल्या भागाची. ताबोनचा शोध लागला तो सूक्ष्मदर्शकामुळे, तितकाच पलावानच्या माणसांमुळे. पट्टी कशी काढतात हे त्यांनी दाखवलं नसतं तर तीन दगडांवरच्या खुणा निरर्थक राहिल्या असत्या. पेंच-कन्हानच्या खोऱ्यात त्या प्रयोगाला लागणारं सगळं आहे. नदीत अकीक आणि चर्टचे गोटे आहेत, जंगलात बांबू आहे, आणि तो चिरणारे कुशल हात गावागावांत आहेत. मात्र प्लास्टिकच्या टोपल्यांनी बाजार घेतल्यापासून बुरुडांची पुढची पिढी या कामातून बाहेर पडते आहे, आणि हातातलं ज्ञान गेलं की ते कुठल्याही मातीत ठसा ठेवत नाही. भट्टी दोन हजार सहाशे वर्षं वाट पाहू शकली, हे ज्ञान पाहू शकणार नाही. म्हणून त्याची नोंद आधी व्हायला हवी, खोदकाम नंतर. आणि तो अहवाल छापला जाईल तेव्हा बांबू चिरून दाखवणाऱ्याचं नाव आभारांच्या शेवटच्या ओळीत नको, संशोधकांच्या यादीत हवं.